पडायला शिकवणारे २२ सेकंद: सोलापुरातल्या एका फ्रीस्टाईल खेळाचं प्रकरण

हे प्रकरण मी लांबून पाहिलेलं नाही. त्या खेळाच्या कथा मीच लिहीत होतो, त्यामुळे चुकांमध्ये माझाही वाटा आहे आणि तो त्या त्या जागी सांगेन. माणसं, गाव, तालीम यांची नावं काढून टाकली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रिंगमधली टोपणनावंही देत नाही, कारण सोलापुरात तेवढ्यावरूनसुद्धा माणूस सापडतो.

पार्श्वभूमी

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात एक जिम आहे. तिच्या मालकाच्या डोक्यात अमेरिकन धर्तीचा रेसलिंगचा खेळ बसवायचं आलं. वय चाळिशीच्या आसपास, म्हणजे अंडरटेकरची उंची आणि वजन पत्त्यांवरून पाठ केलेली पिढी. त्याच्या वडिलांच्या पिढीने याच गोष्टीला 'फ्रीस्टाईल' म्हटलं होतं. १९५० आणि ६० च्या दशकांत मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग हे मल्ल भिडायचे, त्याच्या गोष्टी त्याने घरात ऐकल्या होत्या. म्हणून पोस्टरवर छापलं 'फ्रीस्टाईल कुस्ती'. यातला दुसरा शब्द पुढे महागात पडला.

रिंग एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. लोखंडी सांगाडा, वर प्लायवुड, त्यावर पातळ फोम आणि ताणलेलं कॅनव्हास. दोरांच्या जागी रबरी पाइपातून ओवलेली तार. फळ्या मुद्दाम थोड्या लवत्या ठेवतात, म्हणजे पडणाऱ्याला कमी लागतं आणि आवाज मोठा होतो. तो आवाज म्हणजे अर्धा खेळ.

मंडळी एकूण अकरा, पण कथेचा भार दोघांवर. नायक चोवीस वर्षांचा, तालमीतला, लाल मातीत वाढलेला, जत्रांच्या मैदानात इनामी कुस्त्या करणारा. खलनायक टॉवेलच्या कारखान्यात रंगाईखात्यात कामाला, घरी तेलुगू बोलणारा, स्वभावाने इतका गरीब की उसने दिलेले पैसे परत मागायलाही लाजायचा. पहिल्याच खेळात त्याने नायकाचा फेटा हिसकावला आणि त्याने स्वतःचे बूट पुसले. मैदानातून चपला आल्या. दुसऱ्या दिवशी कारखान्याबाहेरच्या पानवाल्याने त्याची उधारी बंद केली. आम्ही खूश झालो. हीच तर पावती!

या धंद्यात 'केफेब' असा एक जुना शब्द आहे. जे आधी ठरवलंय ते खरंच घडतंय असं रिंगमध्ये वागायचं, आणि रिंगबाहेरही वागत राहायचं. अमेरिकेत हे फार टोकाला गेलं होतं. ऑक्टोबर १९७५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनला मल्लांचं छोटं विमान कोसळलं. त्यात नायक आणि खलनायक एकत्र बसलेले. टिम वुड्स हा त्यातला नायक. त्याने इस्पितळात आपलं कागदोपत्री नाव सांगितलं, आपण प्रमोटर आहोत अशी थाप मारली, आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून दोनेक आठवड्यांत ठणकत्या अंगाने पुन्हा रिंगमध्ये उतरला. १९८७ मध्ये जिम डगन आणि आयर्न शेख हे पडद्यावरचे हाडवैरी न्यू जर्सीत एकाच गाडीत पोलिसांना सापडले आणि दोघांनाही त्यांच्या कंपनीने, डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई), काढलं.

असल्या गोष्टी मी जिममध्ये पोरांना रंगवून सांगायचो. आमचा नियमही त्यातूनच आला: नायक-खलनायकाने बाहेर एकत्र दिसायचं नाही. दोघांची घरं एक किलोमीटरच्या आत, आणि गाव असं की सात रस्ता चौकात चहाला थांबलं तरी चार ओळखीचे भेटतात. तरी पाच महिने नियम पाळला.

अडचण

दुसऱ्या खेळाचा शेवट मी लिहिला होता. पंच कोपऱ्यात आडवा, खलनायक पाठीमागून खुर्ची घालतो, नायक पाठीवर, तीनची मोजणी, दगाबाजीने विजय. तिसऱ्या खेळात बदला. जुनाच साचा, पण चालतो.

त्यानंतर आठवड्याभरात एक क्लिप फिरली. जिमच्या मागच्या खिडकीतून कुणा पोराने काढलेली, २२ सेकंदांची. खलनायक नायकाला पाठीवर पडायला शिकवतोय. "हनुवटी छातीला लाव अण्णा. श्वास सोड. दोन्ही हात आपट, पाठ सगळी एकदम टेकव." नायक धाडकन पडतो, दोघं हसतात, खलनायक हात देऊन त्याला उठवतो. सरावातली साधी गोष्ट. हनुवटी छातीला लावली की डोकं आपटत नाही, आणि हात आपटले की मार सगळ्या अंगावर वाटला जातो. पहिल्या दिवशी कुणालाही हेच शिकवतात.

तिकीट काढून आलेल्यांना या क्लिपचं काहीच वाटलं नाही. पोरं म्हणाली, "म्हाईत होतं की बे." ज्या धोक्यासाठी आम्ही पाच महिने एका हॉटेलात चहा प्यायलो नव्हतो, तो धोका नव्हताच.

क्लिप पोचली तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. खाली ओळ होती: "पडायचे क्लास चालू."

तालमीत सगळं शिक्षण पाठ न टेकवण्याचं असतं. पडता पडता पैलवान पोटावर वळतो, मानेवर पूल करतो, खांदा मातीला लागू देत नाही. आणि इथे त्यांचाच पोरगा हसत हसत पाठ टेकवत होता. त्यातून 'नुरा' हा शब्द. दोघांनी आधीच ठरवून, इनाम वाटून घेऊन केलेली कुस्ती. मैदानात याहून घाण शिवी नाही. जत्रेचं इनाम गावाच्या वर्गणीतून येतं आणि लोक डोळ्यात तेल घालून बघतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत माती विभागाच्या लढतीत 'बाहेरील टांग' या डावाला दिलेल्या ४ गुणांवरून केवढा धुरळा उडाला होता, ते आठवून बघा. दोन्ही मल्ल आपल्याच जिल्ह्यातले. त्या वादात हॉटेलातले वेटरसुद्धा मोबाइलवर क्लिप थांबवून खांदा टेकला की नाही हे दाखवत होते. अशा जिल्ह्यात आम्ही पोस्टरवर 'कुस्ती' छापली होती.

क्लिप फिरल्याच्या चौथ्या दिवशी एका गावच्या यात्रा कमिटीचा नायकाला फोन आला. त्याची जोड ठरली होती, पत्रिका छापायची बाकी होती. "यंदा राहू दे." कारण सांगितलं नाही. ते त्याला दुसरीकडून कळलं: "तो पाडून घेतो म्हणं."

खोटं खरं वाटावं म्हणून आम्ही धडपडत होतो. झालं असं, की त्याचं खरं होतं तेच खोटं वाटायला लागलं.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री जिममध्ये बसलो. चार गोष्टी निघाल्या.

क्लिप नाकारायची, ही पहिली. ती दोन मिनिटांत निकालात निघाली. दुसरी, नायकाला काही महिने बाजूला ठेवायचं. मालकाने मान हलवली, तिकिटं त्याच्या नावावर जात होती.

तिसरी, उघड सांगून टाकायचं की हे मनोरंजन आहे. गंमत म्हणजे कागदावर आम्ही ते आधीच सांगितलं होतं. पोलीस परवानगीच्या अर्जात 'मनोरंजनाचा कार्यक्रम' असं लिहून मालकाने स्वतः सही केली होती. मी त्याला १९८९ ची गोष्ट सांगितली. ज्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी डगन आणि शेखला काढलं होतं, तीच कंपनी न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे गेली आणि म्हणाली, आमचा खेळ स्पर्धा नाही, मनोरंजन आहे, आम्हाला खेळांच्या नियमांतून आणि करातून सोडा. तरी स्टेडियम भरतच राहिली. मालक म्हणाला, "ते तिकडं ठीक आहे सर. इथं शंभर रुपये देऊन सोंग बघायला कोण येतंय?"

चौथी कल्पना माझी. क्लिप कथेत घ्यायची. नायकावर विकला गेल्याचा आरोप होतो, तिसऱ्या खेळात तो स्वतःला सिद्ध करतो. उदाहरणही तयार होतं. नोव्हेंबर १९९७, माँट्रियल. त्याच कंपनीच्या ब्रेट हार्ट या मल्लाला न सांगता कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहनने शेवट बदलला आणि त्याचा किताब काढून घेतला. दगा खरा होता. पण प्रेक्षकांच्या त्या संतापातूनच पुढे 'मिस्टर मॅकमॅहन' हा खलनायक मालक उभा राहिला आणि वर्षानुवर्षं चालला. खरी जखम कथेत घेतली की ती कथेची होते, असं काहीतरी मी त्या रात्री बोललो. वाक्य मला आवडलं होतं.

ब्रेट हार्टचं त्यात काय झालं, हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

नायक त्या बैठकीला नव्हता. गावाकडे गेलेला, फोन लागत नव्हता. सकाळपर्यंत थांबता आलं असतं. निर्णयाचा पहिला टप्पा हाच, आणि तो आम्ही पाहिलाच नाही. आमच्या लेखी कथा आमची होती.

काय केलं

रात्री अकराला इन्स्टाग्रामवर पोस्टर टाकलं. नायकाचा फोटो, खाली लाल अक्षरं: "विकला गेला का?"

सकाळी त्याचा स्क्रीनशॉट तालमीत, कमिटीत, त्याच्या भावकीत. जी कुजबुज होती तिला आम्ही छापील पुरावा दिला. कमिटीतल्या एकाने पुढे ढकलताना वर लिहिलं होतं: "त्यांचंच म्हणणं आहे." आम्ही घाबरून पोस्टर काढलं. मग, काढलं म्हणजे खरंच असणार.

नायक दुपारी जिमला न जाता माझ्या घरी आला. उभाच राहिला. "सर, तुमच्या गोष्टीत मी विकला गेलो असंन. पण माझ्या गावात त्यो फोटो बघणाऱ्याला गोष्ट कुठं म्हाईत हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या तालमीच्या वस्तादांकडे जाऊ म्हणालो.

गेलो मालक, मी आणि खलनायक. मालकाचं म्हणणं खलनायकाला न्यायचं नाही, पण तो स्वतःहून मागे गाडीवर बसला. संध्याकाळची वेळ, पोरं जोर मारत होती, हौद्यातल्या मातीला तेल, ताक आणि हळदीचा वास. वस्ताद सत्तरीचे. चपला बाहेर काढून आम्ही कट्ट्याच्या कडेला बसलो. बराच वेळ ते पोरांकडेच बघत होते.

मग म्हणाले, "सोंग करा की. सोंगाला कोण नाही म्हणतंय? बहुरूपी दारात फौजदार होऊन येतो, दरडावतो, बाया-पोरं हसतात, वर पैसे देतात. पण तो चौकीत जाऊन पगारपत्रकावर सही करत नाही."

मालकाला लगेच कळलं नाही. मला कळलं. आम्ही सही केली होती, पोस्टरवर.

मग त्यांनी खलनायकाकडे बघितलं. "तूच शिकवतो व्हय पडायला?" तो मान खाली घालून हो म्हणाला. "लागत नाही?" "लागतंय वस्ताद. रोज लागतंय." वस्ताद यावर काही बोलले नाहीत. एका पोराला चहा सांगितला.

त्यांच्या अटी अशा: कुठेही 'कुस्ती' लिहायचं नाही, लंगोट आणि हलगी रिंगमध्ये आणायची नाही, आणि पोराने यंदा एक काय ते निवडायचं. निवड पोराचीच, ती आम्ही करायची नाही. त्याने माती निवडली. फक्त तिसरा खेळ करून निरोप घेतो म्हणाला, तिकिटं विकली गेली होती.

इथून पुढची सगळ्यात चांगली सूचना मात्र आमच्या निवेदकाची. निवृत्त शिक्षक, जत्रांच्या मैदानात वर्षानुवर्षं माइक सांभाळलेले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पहिल्या खेळापासून ते अवघडलेले होते, ते त्यांनी आता सांगितलं. म्हणाले, "मी माइकवर खोटं बोलणार नाही. दिसतंय तेवढं सांगेन. 'निकाली' म्हणणार नाही, 'इनाम' म्हणणार नाही. आणि सुरुवातीला एकदाच म्हणेन: मंडळी, आता सोंग येतंय. त्यानंतर बघा, तुमच्यापेक्षा मी जास्त रंगवतो."

मी विरोध केला. पहिल्याच वाक्याला फुगा फोडायचा?

"नाटकाच्या आधी तिसरी घंटा होते," ते म्हणाले. "तेव्हा कुणी म्हणतं का, आता मजा गेली?"

वीस वर्षं हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या विंगेत उभा राहून ती घंटा ऐकलेला माणूस मी. गप्प बसलो.

राहिला तिसऱ्या खेळाचा शेवट, दुसरा खरा पेच. या धंद्याचा रिवाज असा, की जाणाऱ्याने हरून जायचं, मागे राहणाऱ्याला मोठं करून जायचं. खलनायक राहणार होता, म्हणजे नायकाने पाठ टेकवायची. पण त्याने पाठ टेकवली की आणखी एक क्लिप तयार. जिंकवला तर खलनायक पोकळ होतो आणि चौथा खेळ कुणावर उभा करायचा हा प्रश्न. दोन रात्री यावर गेल्या. शेवटी ठरलं, की नायक हरतो, पण उभ्याने. भांडणाच्या ऐन भरात तो थांबतो, खलनायकाच्या कमरेला खोवलेला आपला फेटा काढून घेतो, डोक्याला गुंडाळतो आणि रिंगबाहेर चालू लागतो. पंच दहा आकडे मोजतो. नायक मागे वळून बघत नाही.

कथा म्हणून हा शेवट कच्चा आहे, हे मी आजही म्हणतो. प्रेक्षक पहिल्यांदा गप्प झाले, मग शिट्ट्या, मग "पैसे परत द्या." त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांना बदला कबूल केला होता.

त्याच रात्री आणखी एक झालं. आधीच्या एका जोडीत एका पोराचा खांदा खरोखर निखळला. पंचाने डोक्यावर हातांची फुली केली. हे खरं आहे, थांबा, अशी या धंद्यातली खूण. डॉक्टर रिंगकडे धावले. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, काही जण खुर्च्यांवर चढले, डॉक्टरांना वाट मिळेना. गुरुजी माइकवर आवाज न चढवता म्हणाले, "हे सोंगातलं नाही. बसून घ्या." आणि लोक बसले. पहिल्या दोन खेळांच्या भाषेत बोलले असते तर बसले असते का, मला शंका आहे.

परिणाम

चौथ्या खेळाला सातशे खुर्च्यांपैकी निम्म्याच भरल्या. मालकाच्या मते गुरुजींच्या त्या वाक्याने गूढ मारलं. माझ्या मते नायक गेल्याने. दोन्ही एकाच वेळी झालं, त्यामुळे भांडण मिटणारं नाही, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य नाहीच असं मी म्हणणार नाही. सातव्या खेळापर्यंत खुर्च्या पुन्हा भरत आल्या. प्रेक्षक मात्र बदलला: बाया आणि लहान पोरं जास्त, 'बघू तरी खरं का खोटं' म्हणून येणारे कमी.

खलनायक आता सगळ्यात लाडका आहे. लोक त्याला शिव्या देतात आणि खेळ संपल्यावर लेकरं त्याच्या कडेवर देऊन फोटो काढतात. पानवाल्याने उधारी पुन्हा चालू केली.

वेगळं काय करता आलं असतं

खिडकीला पडदा लावायला ऐंशी रुपये लागले असते, असं मालक अजून म्हणतो. पडद्याने क्लिप टळली असती, एवढंच. जत्रेत कुस्त्या करणारा पोरगा नायक म्हणून घेतला तेव्हाच तालमीत जाऊन सांगायला हवं होतं, पोस्टर छापायच्या आधी. केफेब सांभाळताना आम्ही एकच प्रश्न विचारत राहिलो: प्रेक्षकाला कळेल का? कळलं नाही तर कुणाचं नुकसान होईल, हा प्रश्न यादीतच नव्हता. अमेरिकेतल्या त्या मल्लांना रिंगबाहेर दुसरी खरी कुस्ती खेळायची नव्हती. आमच्या नायकाला होती. हा फरक कथा लिहिणाऱ्याच्या पहिल्या दिवशी लक्षात यायला हवा होता, म्हणजे माझ्या.

खऱ्या माणसाचा फोटो लावून त्याच्यावर आरोप छापायचा असेल, तर त्या माणसाला आधी विचारायचं. आता आमच्याकडे हा लेखी नियम आहे. तेव्हा नव्हता, आणि लेखी असायची गरजही नव्हती.

जत्रेतली जोड

पुढच्या वर्षी त्याच कमिटीने त्याला घेतलं, पण बारक्या जोडीवर, पाच हजारांच्या इनामाला. मी मुद्दाम गेलो. तो मैदानात आला आणि मागून दोन-तीन आवाज आले, "नुरा रे, नुरा!" हलगी चालू होती, त्यात विरले.

वीस मिनिटं कुस्ती चालली. मधेच समोरच्याने घिस्सा डाव टाकला, हा उचलला गेला आणि कुशीवर आदळला. मी पहिलं काय बघितलं असेल तर त्याचा हात. मातीवर आपटतो का. आपटला नाही, मुठीत माती धरून तो पोटावर वळला आणि सुटला. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. ज्याच्यावर नुरेचा डाग आहे त्याच्यासाठी याहून वाईट निकाल नसतो.

माझ्या शेजारी धोतर सावरत एक म्हातारबाबा बसले होते. मी कोण हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असावं. माती झटकत उठले आणि म्हणाले, "ही बी तुम्हीच लिव्हली व्हय?"

मी नाही म्हणालो. ते हसले आणि पुढच्या जोडीकडे बघायला लागले.